काळ्या दारूची बंदूक: आधी पाणी, मग तेल

बंदूक पाण्याने धुवा असं म्हटलं की समोरचा माणूस आपल्याकडे असा बघतो जणू आपण त्याला मोबाईल रात्रभर भिजत घालायला सांगितलाय. लोखंड आणि पाणी एकत्र आणायचं नाही एवढं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, मग जी वस्तू गंजू नये म्हणून एवढा आटापिटा चाललाय तिच्यातच पाणी ओतायचं? तर हो, ओतायचं. काळी दारू वापरणारी बंदूक, मग ती ठासणीची असो, चकमकीची असो, टोपीची (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीची) असो नाहीतर जुन्या धाटणीचं रिव्हॉल्वर असो, तिला पाणी लावल्यामुळे जेवढा गंज चढतो त्याच्या कितीतरी पट जास्त पाणी न लावल्यामुळे चढतो. हे एकदा नीट समजलं की बाकीची साफसफाई आपोआप सुचत जाते. आणि हे न समजल्यामुळेच लोक भारीतली तेलं चोपडून चोपडून चांगल्या नळ्यांची माती करतात.

आधी ही काळी दारू म्हणजे काय ते बघू. (ग्लासातली नाही, दारूगोळ्यातली.) सोरा, कोळसा आणि गंधक, वजनाने साधारण ७५, १५ आणि १० टक्के. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, तो ऑक्सिजन पुरवतो, कोळसा जळण, आणि गंधकामुळे ठिणगी लवकर धरते. आता खरी गोम अशी आहे की ही दारू पेटल्यावर सगळीच्या सगळी वायू होऊन उडून जात नाही. नोबल आणि एबल या दोन शास्त्रज्ञांनी बंद भांड्यात दारू पेटवून मोजमाप केलं होतं, १८७५ साली त्यांचा निबंध छापून आला, त्यात साधारण ४३ टक्के वजनाचा वायू आणि तब्बल ५७ टक्के घन माल असा हिशोब निघाला. म्हणजे अर्ध्याहून जास्त दारू जळल्यावरसुद्धा कुठे ना कुठे शिल्लक राहतेच. एका बाराला ६० ग्रेन दारू धरली तर ती होते जेमतेम ३.९ ग्रॅम, त्यातला २.२ ग्रॅमच्या आसपास घन पदार्थ. यातला बराचसा तो पांढरा शुभ्र धूर बनून तोंडातून बाहेर पडतो, धूर पांढरा दिसतो तो या बारीक कणांमुळेच, आणि उरलेला नळीच्या आत, कानात (म्हणजे ठिणगी आत जायच्या बुडाजवळच्या बारीक भोकात), घोड्याच्या आजूबाजूला, जिथे फट सापडेल तिथे जाऊन चिकटतो. वीस बार उडवा आणि मग नळीत ओली चिंधी घालून बघा, काजळीचा चिखल येतो हातात.

हा चिखल दिसायला काळा असतो म्हणून लोकांना वाटतं कोळसा आहे, काजळी आहे. काळेपणा कोळशाचाच, पण मुख्य माल आहे क्षार. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, थोडं पोटॅशियम सल्फाइड. यातलं सल्फाइड तुम्ही नाकाने ओळखता, नळीत पाणी घातलं की सडक्या अंड्याचा जो वास सुटतो तो त्याचाच. पण घरभेदी म्हणावा असा आहे पोटॅशियम कार्बोनेट. त्याला हवेतलं पाणी ओढून घ्यायची भयंकर खोड. साधं मीठ हवेतल्या पाण्याने विरघळायला लागतं ते आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर, पावसाळ्यात मिठाची बाटली ओली का होते ते यातूनच कळतं. पोटॅशियम कार्बोनेट मात्र ४३ टक्क्यांनाच पाझरायला लागतो. आता ४३ टक्के आर्द्रता म्हणजे काही पावसाळी हवा नाही, आपल्याला ती छान कोरडीच वाटेल. म्हणजे तुम्ही बंदूक आपल्याला कोरडी वाटणाऱ्या खोलीत ठेवली तरी नळीच्या आतला हा क्षार स्वतःचं पाणी स्वतः आणतो आणि लोखंडाला चिकटून बसतो.

गंज धरायला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं, पण नुसत्या पाण्यात हे काम रेंगाळत चालतं. क्षार मिसळले की ते पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात छोट्या बॅटरीसारखीच भानगड असल्यामुळे ती पळायला लागते. म्हणजे आपल्या नळीत नेमकं काय तयार झालं? पाणी धरून ठेवणारा, क्षार विरघळलेला पातळ थर, सगळीकडे सारखा पसरलेला. दमट हवेत काही तासांतच तांबूस छटा दिसायला लागते, कोरड्या हवेत एखादा दिवस जास्त मिळतो, तेवढाच काय तो फरक.

इथे एक गैरसमज बाजूला करतो. खूप जणांकडून ऐकलंय की काळ्या दारूचा मळ अ‍ॅसिडिक असतो म्हणून सोडा घालून न्यूट्रल करायचा. उलट आहे हो. पोटॅशियम कार्बोनेट स्वतःच अल्कली आहे, ओला मळ बोटांना जरा साबणासारखा बुळबुळीत लागतो तो त्यामुळेच. अल्कलीत सोडा घालून काय न्यूट्रल होणार? काच पुसायचं अमोनियावालं निळं लिक्विड वापरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांची बंदूक साफ होते हे खरंच आहे, पण ती होते त्या लिक्विडमधल्या पाण्यामुळे. क्षाराला मारायचं नसतं, विरघळवून बाहेर काढायचं असतं, आणि त्यासाठी साधं पाणी पुरतं.

टोपीच्या बंदुकीत अजून एक पाहुणा असतो. जुन्या पद्धतीच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊच. क्लोराइड लोखंडाच्या वरचा जो पातळ संरक्षक थर असतो तो जागोजागी फोडतं आणि मग खड्डे पडतात, नुसता वरवरचा लाल रंग नाही, खड्डे, जे कुठल्याही घासण्याने जात नाहीत. आजच्या बहुतेक टोप्यांमध्ये हा प्रकार नसतो, पण जुना साठा हाती आला असेल तर गाफील राहू नका. आणि काळ्या दारूच्या जागी मिळणारी जी पर्यायी पावडर असते तिच्याबद्दल तर लोकांचा फारच गोड गैरसमज असतो की ही मॉडर्न आहे म्हणजे कमी त्रासाची असणार. पायरोडेक्समध्ये पोटॅशियम परक्लोरेट असतं, जळल्यावर तेच क्लोराइड मागे राहतं, त्यामुळे खऱ्या काळ्या दारूपेक्षा ती गंजाच्या बाबतीत जास्त वाईट म्हणायची. ब्लॅकहॉर्न २०९ हा वेगळ्या जातीचा माल, त्याचा पाया नायट्रोसेल्युलोजचा, त्याचा मळ पाण्याला दाद देत नाही, त्याला सॉल्व्हंटच लागतं. तेव्हा डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, पुढे मी जे सांगतोय ते काळी दारू आणि पायरोडेक्ससारख्या क्षारवाल्या पावडरींसाठी आहे.

मग तेलाचं काय? तेल क्षार विरघळवत नाही. संपला विषय. विश्वास नसेल तर दोन वाट्या घ्या, एकीत खायचं तेल, एकीत पाणी, दोन्हीत चिमूट चिमूट मीठ टाका आणि ढवळा. पाण्यातलं मीठ गायब, तेलातलं तळाशी तसंच बसलेलं. नळीत हेच होतं. न धुता तेल लावलं तर क्षाराचे कण तेलाच्या खाली बसून राहतात, तेलाचा थर पातळ असतो, त्यातून ओल आत जातेच, आणि वरून सगळं चकाचक दिसत असताना आतमध्ये काम चालू. चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप घातल्यासारखं. आजकालच्या बंदुकींची सवय असलेल्या लोकांकडून ही चूक हमखास होते, कारण १८८४ मध्ये पॉल व्हिएईने बिनधुराची दारू काढली तेव्हापासून दारू जळून जवळजवळ सगळी वायूच व्हायला लागली, दारूचा क्षार मागे राहायचा प्रश्न मिटला, आणि सॉल्व्हंट मारा, तेल पुसा, ठेवून द्या ही पद्धत रूढ झाली. त्या बंदुकींना ती बरोबरच आहे. आपल्या म्हातारीला ती चालत नाही.

मी स्वतः हे पुस्तकातून नाही शिकलो. सुरुवातीला एकदा बार उडवून उशिरा घरी आलो, कंटाळा आला होता, म्हटलं आता मस्त जाड तेल मारून ठेवतो आणि रविवारी निवांत साफ करतो. रविवारी गजाला चिंधी लावून नळीत घातली तर बाहेर आली विटकरी रंगाची. तेलाने न्हालेली विटकरी चिंधी. पुढचे दोन तास जे घासत बसलो त्यापेक्षा त्या रात्री पंधरा मिनिटं पाणी घातलं असतं तर बरं नव्हतं का, पण तेव्हा अक्कल नव्हती.

पेट्रोलियमच्या तेलाची अजून एक तक्रार जुने नेमबाज करतात. अशा तेलाचा अंश नळीत असताना काळी दारू जाळली की डांबरासारखा चिवट राप बसतो, तो पाण्यानेही सहज निघत नाही. म्हणून बार भरताना वंगण म्हणून मेण, चरबी, वनस्पती तेल असं नैसर्गिक काहीतरी वापरतात, त्याने मळ मऊ राहतो. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाला जी चरबी लावायचे, जिच्यावरून १८५७ ला एवढं रामायण घडलं, तिचं काम हेच, गोळी घसरत खाली जावी आणि मळ नळीत वाळून कडक होऊ नये. नेमबाजी चालू असताना दर काही बारांनंतर ओलसर चिंधी फिरवायची, काही जण सरळ थुंकी लावून फिरवतात, ऐकायला घाण वाटेल पण काम होतं, कारण पुन्हा तेच, पाणी.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. सगळ्यात आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत हे नुसतं बघून कळत नाही, मागून उघडत नाही ना ती, आणि तोंडातून डोकावून बघायचं तर कधीच नाही. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडापाशी जिथपर्यंत येतो तिथे बोट धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून कानाच्या जागेशी ताडून बघा. रिकाम्या नळीत गज जवळजवळ कानापर्यंत पोचला पाहिजे. एक-दोन इंच जरी अलीकडे थांबत असेल तरी आत बार आहे असं समजा. शहाणी माणसं आपली बंदूक रिकामी असताना गजावर एक कायमची खूण करून ठेवतात, मग दरवेळी मोजामोजी नको. अजून एक म्हणजे दारूचा डबा, टोप्या, शिंगडा (दारू ठेवायचं शिंग) हे सगळं साफसफाईच्या टेबलावरून आधी उचला.

मग नळी. काही बंदुकींची नळी दस्त्यातून पटकन सुटते, मागे आकडा असतो आणि मधे एखादी पाचर किंवा पिन. ही भाग्यवान मंडळी. नळी काढायची, निपल, म्हणजे ज्याच्यावर टोपी बसते तो भोकाचा छोटा तुकडा, पान्याने सोडवायचं, बुडाकडची बाजू बादलीतल्या कोमट पाण्यात उभी करायची, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब. गजाच्या टोकाला जॅग, म्हणजे चिंधी धरून ठेवणारं खास टोक, लावून त्यावर घट्ट बसेल अशी सुती चिंधी घ्यायची आणि वरून आत घालून पंप मारल्यासारखं वरखाली करायचं. चिंधी वर ओढली की निपलच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं, खाली दाबली की काळंकुट्ट होऊन बाहेर फेकलं जातं. सायकलचा पंप ज्याने मारलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. पहिलं पाणी बघून घाबरायला होतं, ते फेका, दुसरं घ्या, मग तिसरं बिनसाबणाचं स्वच्छ. तिसरं पाणी जवळजवळ नितळ आलं की झालं.

नळी दस्त्याला पिना ठोकून कायमची बसवलेली असेल, लांब चकमकीच्या बंदुकींत असं बऱ्याचदा असतं, तर ती दरवेळी उपटायची नाही, पिनांची भोकं सैल होतात आणि लाकूड चिरतं. अशा वेळी आधी लॉक, म्हणजे घोड्याची सगळी यंत्रणा असलेली बाजूची पट्टी, स्क्रू काढून बाजूला ठेवा, नाहीतर पाणी झिरपून तिच्या मागच्या खाचेत शिरतं आणि लाकूड आतून फुगतं. कानात एक टूथपिक खुपसा, नळीत अर्ध्यापर्यंत कोमट पाणी ओता, तोंडावर बोट ठेवून हलवा, दोन-चार मिनिटं तसंच राहू द्या आणि तोंडाकडून ओतून टाका. असं तीन-चार वेळा, आणि मग ओल्या चिंध्या. जुन्या काळी तोफेच्या कानात खिळे ठोकून ती निकामी करायचे, आपण तात्पुरती टूथपिक ठोकतोय एवढंच. मात्र काम झाल्यावर ती काढा, नाहीतर पुढच्या वेळी ठिणगी पडेल, रंजक (कानापाशी बाहेर टाकलेली चिमूटभर दारू) भुर्रकन जळेल आणि बार काही उडणार नाही.

पाणी कडकडीत हवं की कोमट यावर लोक तासन् तास भांडतात. कडकडीतवाल्यांचं म्हणणं, नळी इतकी तापते की पाणी आपोआप उडून जातं, पुसायचा त्रास वाचतो. बरोबर आहे, पण तापलेलं, पूर्ण उघडं पडलेलं, अंगावर तेलाचा थेंब नसलेलं लोखंड आणि वाफ एकत्र आली की बघता बघता नारिंगी झाक चढते, तिला फ्लॅश रस्ट म्हणतात. ती पुसली जाते, खोल नसते, पण पुसावीच लागते ना, मग वाचलं काय? माझा कौल कोमट पाण्याला. क्षार विरघळायला उकळतं पाणी लागतच नाही, पोटॅशियम कार्बोनेट तर थंड पाण्यातही भराभर विरघळतं. थोडी ऊब आणि साबण हे मेण-चरबीचं वंगण सुटावं म्हणून.

बॅलिस्टॉल नावाचं जर्मन तेल आहे, १९०४ पासूनचं, ते पाण्यात मिसळतं आणि दुधासारखं पांढरं होतं. एक भाग तेल, सहा-सात भाग पाणी असं बनवून अनेक जण त्यानेच साफ करतात. पाणी क्षार काढतं, मग उडून जातं आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. कल्पना झकास आहे, मी मैदानावर हेच वापरतो, पण घरी आल्यावर भरपूर साध्या पाण्याने धुणं याला पर्याय म्हणून नाही.

नळीच्या तळाशी मात्र जरा थांबा. मळ सगळ्यात जास्त साठतो तो बुडात, ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचाच्या तोंडाशी, आणि काही बंदुकींत तिथली दारू बसायची पोकळी नळीपेक्षा अरुंद केलेली असते, म्हणजे आपला जॅग वरच अडकतो आणि आपल्याला वाटतं तळ गाठला. त्या पोकळीसाठी लहान मापाचा ब्रश घ्या, त्यावर चिंधी गुंडाळून फिरवा. तारेचा ब्रश ठासणीच्या नळीत घालताना एक सांभाळा, त्याचे केस आत जाताना मागे वळतात आणि बाहेर येताना उलटे फिरायला जागा नसल्यामुळे ब्रश रुतून बसू शकतो, तेव्हा ओढताना थोडा पिळत ओढा. चिंधी आत सुटून राहिली तर कॉर्कस्क्रूसारखं दिसणारं एक टोक मिळतं, ते गजाला लावून ती काढता येते. निपल आणि कानाचा रस्ता पाईप क्लीनरने स्वच्छ करा. निपलचे आटे पुसून त्यांना किंचित ग्रीस लावूनच परत बसवा, हे विसरलात तर गंजून ते असं जाम होतं की पुढच्या वेळी पाना घसरतो आणि निपलच्या कडा गोल होतात. हो, झालंय माझं.

लॉक दरवेळी पूर्ण उघडायची गरज नाही. पट्टी काढून जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासा, पुसा, हेअर ड्रायरने उबदार करा, आणि जिथे जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेलाचा एक थेंब. आतली इंग्रजी व्ही आकाराची स्प्रिंग नुसत्या हाताने काढायला जाऊ नका, तिला दाबून धरायचा खास शिकंजा मिळतो, नाहीतर ती तुटते किंवा कपाळात बसते. चकमकीच्या बंदुकीत रंजकाचं ताट आणि ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी उघड्यावरच असतात, त्यामुळे मळही तिथे थापून बसतो. पट्टीचा पुढचा भाग धुतल्यावर कोरडा ठेवा, तेलकट पट्टीवर चकमक घासली की ठिणगी नीट पडत नाही.

रिव्हॉल्वरवाल्यांचं काम किचकट. प्रत्येक बाराला सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून धूर चौफेर उडतो, त्यामुळे मळ जात नाही अशी जागाच नसते, आत स्प्रिंगपर्यंत. कोल्टच्या जुन्या पद्धतीत वर पट्टी नसते, पाचर काढली की नळी पुढून सुटते आणि सिलिंडर हातात येतो. रेमिंग्टनमध्ये वर पट्टी असते आणि मधला दांडा पुढे ओढून सिलिंडर बाजूने काढायचा. लाकडी मुठी आधी काढा. बाकी सगळं, निपलसकट, साबणाच्या कोमट पाण्यात घासून साफ पाण्यातून काढा. ज्या दांड्यावर सिलिंडर फिरतो त्याला परत बसवताना चांगलं जाड ग्रीस, कारण तिथे मळ घट्ट झाला की चौथ्या-पाचव्या बारालाच सिलिंडर फिरायचा थांबतो.

धुवून झालं की खरी घाई सुरू, कारण आता तुमचं लोखंड पूर्ण उघडं आहे. कोरड्या चिंध्या, एकामागून एक, कोरडी चिंधी कोरडीच बाहेर येईपर्यंत. सात-आठ तरी लागतात, कंजुषी नको, जुने सुती बनियन फाडून ठेवा. तरीही बुडात, आट्यांत, खाचेत पाणी दडलेलं असतंच. तिथे पाणी हटवणारा स्प्रे उपयोगी. डब्ल्यूडी-४० घ्या, त्या नावाचा अर्थच पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग असा आहे, १९५३ च्या सुमाराला तो याच कामासाठी बनला. बुडात एक फवारा मारा, कानातून पाणी फुसफुसत बाहेर येताना दिसतं. पण ते शेवटचं तेल म्हणून सोडू नका, त्याचा मोठा भाग उडून जातो आणि उरतो तो थर महिनोन् महिने राखण करण्याएवढा दमदार नसतो. पाच मिनिटांनी ते पुसून काढा आणि मग खरं तेल.

तेल किती लावायचं? लोकांना वाटतं त्याच्या पाव. चिंधी तेलाने ओली करून जरा पिळून घ्या आणि नळीत तळापर्यंत दोनदा फिरवा, बास. बाहेरून पुसताना लोखंडावर बोटाचे ठसे राहू देऊ नका, घामात मीठ असतं, काही जणांच्या हाताचा ठसा आठवड्याभरात गंजून बंदुकीवर कायमचा उमटतो. काही महिने बंदूक बाहेर काढायची नसेल तर पातळ तेलापेक्षा गंजरोधक ग्रीस किंवा लॅनोलिनवालं काहीतरी बरं, ते ओघळून जात नाही. लाकडावर बंदुकीचं तेल जाऊ देऊ नका. दस्त्याला हवं असेल तर जवसाचं तेल, हाताने चोळून, अगदी थोडं. नळीतलं जास्तीचं तेल हळूहळू बुडाकडे उतरतं, तिथून लॉकच्या मागच्या लाकडात मुरतं, आणि काही वर्षांनी दस्त्याचा मानेजवळचा भाग काळा पडून लाकूड मऊ होतं. यावर सोपा उपाय, पहिले एक-दोन दिवस बंदूक तोंड खाली करून, खाली कापड ठेवून उभी करा, जास्तीचं तेल बाहेर गळू द्या.

तव्यासारखी नळी सीझन करा असा एक सल्ला अधूनमधून मिळतो, म्हणजे नैसर्गिक वंगण लावत राहिलं की नळीत एक थर बसतो आणि मग गंज लागतच नाही, पाण्याने धुवायचीही गरज नाही वगैरे. तव्यावरचा थर तेल भरपूर तापून, त्याचं रूप बदलून, टणक होऊन बसलेला असतो, आणि तवा बिडाचा असतो, पृष्ठभाग खडबडीत. बंदुकीची नळी गुळगुळीत पोलादाची, बाराची आग क्षणभराची, नळी एकसारखी तेवढी तापत नाही. तो थर म्हणून जो दाखवतात तो बहुतेक वेळा वंगण आणि मळ यांचा राप असतो आणि त्याच्या खाली काय चाललंय ते राप काढल्यावर कळतं. माझं मत विचाराल तर हा सल्ला आळशी माणसाला आवडेल असा बनवलेला आहे.

ठेवायची जागा. फोम लावलेल्या पेटीत किंवा चामड्याच्या खोळीत महिनोन् महिने ठेवू नका, फोम ओल धरतो, चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार त्यात राहिलेले असतात. अशा पेट्या ने-आण करायला. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्या ओल शोषून भरल्या की तापवून परत कोरड्या कराव्या लागतात, नुसत्या पडून राहिल्या तर त्या शोभेच्या. आणि नळीच्या तोंडात बूच घालून ठेवायचा मोह टाळा, आतली ओल आतच राहते.

आता जे बहुतेक जण करत नाहीत ते. दुसऱ्या दिवशी परत बघा. कितीही मन लावून धुतलं तरी खाचेत थोडा क्षार राहून जातो, रात्रीत तो ओल धरतो आणि सकाळी स्वच्छ चिंधी फिरवली की हलका चहाचा रंग येतो. आला तर दमायचं नाही, पुन्हा पाण्याची चिंधी, कोरडी, मग तेल. मग आठवड्याने, मग महिन्याने. राखाडी डाग आला तर काळजी नाही, थोडी काजळी आहे, ती काही खात नाही. पांढरीशुभ्र चिंधी येईपर्यंत घासत बसणाऱ्यांची नळी मळापेक्षा घासण्यानेच झिजते. लाल, विटकरी, चहाचा रंग, यांचीच काय ती भीती.

गंज धरलाच असेल तर ताजा, पावडरीसारखा असेल तर तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वूलने हळू निघतो. खड्डे पडले असतील तर ते पडले, त्यातला गंज काढून तेलाखाली ठेवायचं, अशा नळीत मळ जास्त अडकतो म्हणून धुवायला दुप्पट वेळ द्यायचा, आणि पुन्हा बार भरण्याआधी जाणकार बंदूक कारागिराला नळी दाखवायची. आणि बंदूक खरोखर जुनी, आजोबा-पणजोबांच्या काळातली असेल तर यातलं काहीच करू नका. तिच्यावरचा तपकिरी रंग कदाचित गंज नसेलच. जुने कारागीर नळीवर मुद्दाम, मोजून मापून गंज चढवायचे, घासायचे, परत चढवायचे आणि तेलाने थांबवायचे, त्यालाच ब्राउनिंग म्हणतात, आणि त्याच गंजाला उकळत्या पाण्यात घातलं की तांबडा ऑक्साइड काळा होतो, त्यातून निळसर काळी झिलई येते. कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी कष्टाने चढवलेला रंग एका दुपारी स्टील वूलने उतरवणारे महाभाग मी पाहिलेत. अशी वस्तू संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा, तोवर फक्त कोरडी ठेवा.

शेवटी पुढच्या वेळेची गोष्ट, कारण एवढं छान तेल लावलेली बंदूक तशीच भरली तर बार फुसका जायची चांगलीच शक्यता. तेल दारूत मुरतं, निपलच्या बारीक रस्त्यात भरून बसतं. म्हणून भरण्याआधी कोरड्या चिंध्या फिरवून नळीतलं तेल पूर्ण काढा, निपलमधून पाईप क्लीनर घाला. मग टोपीची बंदूक असेल तर नळी रिकामी असताना, सुरक्षित दिशेला, तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून नुसत्या दोन-तीन टोप्या उडवा. पहिल्या टोपीला पातं बहुतेक ढिम्म हलत नाही, आत तेल असतं. दुसऱ्या-तिसऱ्याला ते फर्रकन हललं की रस्ता मोकळा झाला, आता एक कोरडी चिंधी शेवटची फिरवा आणि भरा.